सुपरवायझरच्या खिशातली वही

ताई, मी कोल्हापूरचीच. पुण्यात डिझाइन शिकले आणि दीड वर्षापूर्वी घरी परत येऊन इथल्याच एका स्टार्टअपमध्ये लागले. आम्ही फाउंड्री, म्हणजे धातू ओतणारे कारखाने, आणि तो माल मशीनवर कापणारे मशीनशॉप यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवतो, ऑर्डर आल्यापासून माल गेटबाहेर पडेपर्यंतचं. माणसं २०-२२, त्यात डिझायनर मी एकटी. दर शुक्रवारी काहीतरी नवीन द्यायचंच, असा सरांचा नियम आहे. सेल्सवाले गिऱ्हाइकाला शब्द देऊन येतात, डेव्हलपर स्क्रीन बांधून मोकळे होतात आणि शेवटी माझ्याकडे येतं, 'जरा चांगलं दिसेल असं कर' म्हणून. प्रत्येक कारखान्याला स्वतःचं काहीतरी वेगळं हवं असतं. एका फॉर्मवर आता ४० च्या वर रकाने झालेत. आणि एवढं करून शिरोलीतल्या आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले, तर सुपरवायझर खिशातल्या वहीत लिहीत होता. सॉफ्टवेअरमध्ये संध्याकाळी ऑफिसातला मुलगा भरतो म्हणे. मला रडूच आलं. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी मोबाइल ॲपवर काम करतात, त्यांच्याकडे दाखवायला सुंदर कामं आहेत. माझ्याकडे टेबलं आणि फॉर्म. याला डिझाइन म्हणायचं का? का मी पुण्याला परत जाऊ?

— एक वाचक, कोल्हापूर

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्या सुपरवायझरपाशी थांबले. त्याच्या खिशातली वही बघून तुला रडू आलं. मला विचारशील तर दीड वर्षातली सगळ्यात कामाची गोष्ट त्या दिवशी तुझ्यासमोर होती. ती वही मागून घेऊन तू उघडली नाहीस, एवढीच मला चुटपुट लागली.

मी हेच काम २० वर्षं केलं, बहुतेक इथंच. त्यामुळे अशा वह्या मी पुष्कळ वाचल्यात. वर तारीख आणि शिफ्ट. मग हीट नंबर (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), कुठल्या पॅटर्नचे, म्हणजे मूळ नमुन्याचे, किती बॉक्स (वाळूचे साचे) भरले, किती ओतले, टेंपरेचर. इथवर तुमच्या फॉर्मवरही असेल. पण समासात बघ. 'कोर ओला', म्हणजे साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा ओला. 'लाइट गेली १०.४० ते ११.१५.' 'शेवटचे २ बॉक्स थंड धातू.' मालक आठवड्यानं जो प्रश्न विचारणार असतो त्याचं उत्तर त्या समासात लिहिलेलं असतं, आणि तुमच्या ४० रकान्यांत त्याला जागा नसते.

शिवाय वही काय काय चालवून घेते तेही बघ. अर्धी ओळ लिहून तो भट्टीकडे पळतो, परत येऊन उरलेली पुरी करतो. वही तक्रार करत नाही. आकडा चुकला तर वर काट मारून शेजारी नवा लिहितो, आणि जुनाही दिसत राहतो. पासवर्ड लागत नाही. मुख्य म्हणजे ओळींचा क्रम हा त्याच्या कामाचा क्रम असतो. तुमच्या फॉर्मचा क्रम बहुतेक डेटाबेसमधल्या टेबलाचा असेल, किंवा रकाने ज्या ज्या वेळी मागितले गेले त्या त्या वेळी खाली चिकटवलेले असतील. आता तो माणूस कुठे लिहील?

तेव्हा पहिलं काम हे. त्याच्याकडे जा, विचारून ३ दिवसांची पानं बघ. फोटो काढायचा तर परवानगी घेऊन. ती वही त्याची आहे, त्यात कोण न सांगता घरी गेलं हेही लिहिलेलं असू शकतं. मग तुमचा फॉर्म शेजारी ठेवून त्या ३ दिवसांतलं काय काय त्यात बसत नाही ते मोज. सरांपुढे जाताना तुझ्या हातात हा कागद असू दे.

आता रकान्यांबद्दल. माझी एक चूक सांगते, कारण तुमच्याकडे ती आज घडत असणार. नोकरीच्या सुरुवातीला गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यासाठी मी माल आवकेची स्क्रीन केली होती. २२ रकाने, सगळ्यांवर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. अकाउंट्सनं मागितले, परचेसनं मागितले, क्वालिटीनं मागितले, मी सगळ्यांना 'हो' म्हटलं. महिन्यानं डेटा काढला. ट्रान्सपोर्टरच्या नावाच्या जागी टिंब. फोन नंबरच्या जागी दहा वेळा ९. गाडी नंबर '१'. मी स्टोअरकीपरला विचारायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ट्रकवाला दारात हॉर्न मारतोय, मागं दुसरी गाडी हाय. लाल चांदणी जाईना, मग टिंब टाकतो." तो आळशी नव्हता आणि खोटारडाही नव्हता. खोटं लिहायला मी भाग पाडलं होतं.

त्या दिवशी मला कळलं की प्रत्येक रकाना हे कुणाच्या तरी डोक्यावर ठेवलेलं ओझं असतं, आणि बहुतेक वेळा ज्याला त्याचा उपयोग तो ते उचलत नाही. ट्रान्सपोर्टरचं नाव महिनाअखेरीला भाड्याचं बिल तपासणाऱ्याला हवं होतं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, त्याच्याच टेबलावर जायची. मग नाव त्यानंच भरावं. गेटवर आम्ही पाच गोष्टी ठेवल्या: कुणाकडून, कुठल्या ऑर्डरचा, काय, किती आणि चलन नंबर. बाकी सगळं 'अपूर्ण' म्हणून पुढे जायचं आणि ज्याचं त्यानं पुरं करायचं. 'अपूर्ण' ही रीतसर अवस्था आहे, एवढं मान्य केलं आणि टिंबं बंद झाली. कारखान्यातलं खरं नेहमी तुकड्यातुकड्यांनी येतं. सॉफ्टवेअरला ते तुकडे घेता आले पाहिजेत.

मोबाइल ॲपमध्ये ज्याला ॲप आवडतं तोच ते ठेवतो, नाही आवडलं तर काढून टाकतो. तुमच्याकडे विकत घेणारा वेगळा, भरणारा वेगळा आणि रिपोर्ट वाचणारा आणखी वेगळा. डेमोमध्ये मालक मोठ्या स्क्रीनवरचे आलेख बघून चेक फाडतो, पण त्या आलेखासाठी रात्री अडीच वाजता आकडे टाकणाऱ्याला बदल्यात काय मिळतं? तुझ्या सुपरवायझरला आज काहीच मिळत नाही. शिफ्ट संपताना पुढच्याला द्यायची चिठ्ठी तो हातानंच लिहितो. मालकाचा फोन आला की आकडे वहीतूनच सांगतो. ती चिठ्ठी त्यानं भरलेल्यातून आपोआप तयार झाली, दोन ओळींत व्हॉट्सॲपवर पाठवता आली, तर भरायला त्याला कुणी सांगावं लागणार नाही. मी हे दोन कारखान्यांत करून बघितलंय. एका ठिकाणी चाललं. दुसऱ्या ठिकाणी चाललं नाही, कारण तिथं शॉपमध्ये नेटवर्कच पोचत नव्हतं आणि हे मी आधी तपासलं नव्हतं. तूही तपास: इंडक्शन भट्टीजवळ उभं राहून, ऑफिसच्या खुर्चीत बसून नव्हे.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. 'जरा चांगलं दिसेल असं कर.'

उद्यमनगरात पॅटर्न बनवणारे जुने कारागीर आहेत. त्यांच्याकडे एक सकाळ जाऊन बस. पॅटर्न अर्ध्या मिलिमीटरनं चुकला तर त्यावरून ओतलेला प्रत्येक नग चुकतो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करतात. बिडासाठी साधारण १ टक्का. तो हिशेब ओतण्याआधीच करावा लागतो. फेटलिंगचं तसं नाही. कडा घासणं, रायझर (जादा धातूसाठी साच्यात ठेवलेला उंचवटा) तोडल्याची खूण सपाट करणं, हे कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, बाहेर पडल्यावर होतं, आणि राहिलं तर परतही करता येतं. तुला आज फेटलिंगला बसवलंय. तुझी जागा पॅटर्नशॉपमध्ये आहे, आणि ती तुला मिळवावी लागेल.

सॉफ्टवेअरमधला पॅटर्न म्हणजे शब्द आणि त्यांची एकमेकांशी नाती. रंग, बटणं, मोकळी जागा हे सगळं शुक्रवारी बदलता येतं. पण रिजेक्शन कशाला म्हणायचं हे एकदा डेटाबेसमध्ये बसलं, तीन गिऱ्हाइकांच्या दोन वर्षांच्या रिपोर्टमध्ये गेलं, की ते हलवायला माणसं रडतात.

रिजेक्शनचंच घे. आपल्याकडे ओतकाम एकीकडे आणि मशीनिंग दुसरीकडे असं पुष्कळदा असतं. समज, सोमवारी ४०० नग ओतले. ते फेटलिंग होऊन, शॉट ब्लास्ट होऊन (छऱ्यांच्या माऱ्यानं साफ होऊन) मशीनशॉपला गेले आणि पुढच्या आठवड्यात टूल लागल्यावर आतलं ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, उघडं पडलं. ३२ नग बाद. हे ३२ कुठल्या आठवड्याचे? तुमच्या सॉफ्टवेअरनं ते सापडले त्या तारखेला धरले आणि त्या आठवड्यात २०० च नग ओतलेले असले, तर रिपोर्ट १६ टक्के दाखवणार. खरं रिजेक्शन ८ टक्के आहे, आणि तेही मागच्या आठवड्याचं, त्या एका हीटचं. मालक भलत्याच शिफ्टला झापतो. ज्या हीटमध्ये दोष होता तिची वाळू, तिचा कोर, तिची केमिस्ट्री कुणी बघतच नाही. स्क्रीन दिसायला कितीही देखणी असो, ती माणसामाणसांत भांडण लावते आहे.

किंवा मोजमाप घे. फाउंड्रीत कास्टिंग किलोवर विकलं जातं, मशीनशॉपला पैसे नगावर मिळतात, फेटलिंगचा कंत्राटदार पुन्हा किलोवर. बाद झालेला नग नगांतून वजा होतो आणि किलोनं भंगारात जमा होऊन परत भट्टीत जातो. एकाच वस्तूला दोन मापं एकाच वेळी चालू असतात. ज्यानं फॉर्मवर 'क्वांटिटी' असा एकच रकाना ठेवला त्याला हे माहीतच नव्हतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, 'आम्हाला वजनाचा रकाना वाढवून द्या', आणि सगळ्यांना वाटतं की ही त्यांची खास मागणी आहे.

आणि 'जॉब'! हा शब्द जिथं जिथं दिसेल तिथं थांब. मशीनवर लावलेला तुकडा म्हणजे जॉब. गिऱ्हाइकाची ऑर्डर म्हणजे जॉब. बाहेर करायला पाठवलेलं काम म्हणजे जॉबवर्क. तुमच्याच ऑफिसात सेल्सवाला आणि डेव्हलपर या एका शब्दावर अर्धा तास बोलतात आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टी समजून उठतात. एका कागदावर असे २५-३० शब्द लिही. प्रत्येकापुढे एका वाक्यात अर्थ, कोण वापरतं ते, आणि कुठल्या कारखान्यात त्याला काय म्हणतात ते. भिंतीवर लाव. दीड वर्षात तुझ्या हातून झालेलं ते सगळ्यात महत्त्वाचं डिझाइन असेल, आणि त्यात एकही चित्र नसेल.

शब्दांवरून आणखी एक. मराठी स्क्रीन करताना कुणीतरी इंग्रजी लेबलं भाषांतराला देतं आणि 'नाकारलेले', 'प्रलंबित', 'सादर करा' असं काहीतरी परत येतं. शॉपमध्ये माणसं 'रिजेक्शन' म्हणतात, 'पेंडिंग' म्हणतात, 'फेटलिंग' म्हणतात. तेच लिही, देवनागरीत. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या तोंडातला शब्द हीच मराठी. आणि ओळीची उंची वाढव. इंग्रजीच्या मापानं केलेल्या टेबलात आपले खालचे उकार आणि वरच्या मात्रा कापल्या जातात. 'पुढे' मधला उकार गेला की 'पढे' होतं. रकमेत स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं, १२,३४,५६७ असा. आकडे उजवीकडे टेकवलेले. या बारीक गोष्टींसाठी कुणी शाबासकी देत नाही, पण दिवसाला ३०० ओळी वाचणाऱ्या माणसाचे डोळे त्यावर चालतात.

टेबलं आणि फॉर्म म्हणून तू नाक मुरडलंस, म्हणून सांगते. टॅलीवर हात बसलेला एखादा अकाउंटंट बघ. एफ ८ दाबलं की विक्री, एफ ९ की खरेदी, एफ ५ की पेमेंट. नजर कागदावर आणि बोटं आपोआप. माऊस लागत नाही. इतक्या वेगात काम करणाऱ्या माणसाला तुम्ही मोठ्या मोठ्या चौकोनांची, भरपूर मोकळ्या जागेची स्क्रीन दिलीत तर तुम्ही त्याचे हात बांधलेत. तिथं दाटी हवी, कीबोर्ड हवा, एक्सेलमधून उचलून थेट चिकटवता आलं पाहिजे. भट्टीजवळच्या माणसाला मात्र बरोबर उलटं हवं: मोठं बटण, एका वेळी एकच प्रश्न. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही. हे जमवणं अवघड आहे, आणि म्हणूनच ते डिझाइन आहे.

बटणं आणि रकाने शून्यापासून आखत बसू नकोस मात्र. २० माणसांच्या कंपनीनं स्वतःची डिझाइन सिस्टीम, म्हणजे तयार बटणं-रकान्यांचा संच, बनवायला घेतली की वर्ष जातं. आयबीएमची कार्बन आहे, अँट डिझाइन आहे, दोन्ही मोफत आणि दोन्ही टेबल-फॉर्मच्या कामाला चालणारी. एक निवड, डेव्हलपरांशी बोलून, आणि तीच वापर. तुझा वेळ हीट आणि नगाचं नातं लावण्यात जाऊ दे.

प्रत्येक कारखान्याची वेगळी मागणी हा तुझा दुसरा त्रास. इथं मी एकच प्रश्न विचारायला शिकले: हा रकाना भरल्यावर कोण काय वेगळं करणार? उत्तर आलं नाही तर रकाना नको. पण उत्तर ऐकताना कान उघडे ठेव. काही मागण्या कायद्याच्या असतात. बेळगावकडे माल जायचा आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर असली तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं. राज्याबाहेर जॉबवर्कला पाठवला तर किंमत कितीही कमी असो, लागतंच. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल १ वर्षात परत आला नाही तर तो विकलाच असं जीएसटीत धरतात. ५ कोटींच्या वर उलाढाल असली तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. हे एका गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून त्याच्यापुरतं बांधायचं नसतं, ते सगळ्यांचं आहे आणि पक्कं बांधायचं. काही मागण्या म्हणजे तीच गोष्ट, नाव वेगळं. इथं तुझा भिंतीवरचा कागद कामाला येतो. आणि काही मागण्यांच्या मागे भीती असते. पूर्वी कधीतरी माल चोरीला गेला, म्हणून मालकाला गेट पासवर चार सह्या हव्यात. त्याला चार सह्या नको असतात, रात्री शांत झोप हवी असते. गेलेल्या मालाचा आणि बिलाचा मेळ न बसलेल्या ओळी रोज सकाळी त्याला दाखव, एक सही पुरेल.

सह्या वाढवून चुका थांबत नाहीत, हे जगानं एकदा फार महागात बघितलंय. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर. मुद्दल बँकेच्या आतल्या खात्यात थांबवायची तर स्क्रीनवर तीन चौकोनांत खूण करावी लागत होती. माणसानं एकातच केली, कारण नावावरून त्या एकानं भागेल असं वाटत होतं. पाठवण्याआधी तिघांनी पाहिलं, तिघांनाही बरोबर वाटलं. निम्म्याहून जास्त रक्कम घेणाऱ्यांनी परत दिली नाही, प्रकरण कोर्टात गेलं, बँक २०२१ मध्ये हरली आणि २०२२ मध्ये अपिलात जिंकली. ती स्क्रीन पैसे देण्याच्या रोजच्या कामाची होती, तुझ्यासारखीच, रकाने आणि चौकोन. आता तुमची 'डिलीट करायचं का? होय, नाही' ही खिडकी उघडून बघ. तिथं लिहिलेलं असायला हवं: 'ही हीट काढली तर तिच्याशी जोडलेले ३८० नग आणि २ चलनं सुटी पडतील.' होय म्हणणाऱ्याला कळू दे की तो कशाला होय म्हणतोय.

मागची तारीख टाकू द्यायची का, यावर तुमच्याकडे वाद होईल, झाला नसेल तर. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुला आठवत असेल. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद होता. मी तेव्हा ज्या कारखान्यासाठी काम करत होते तिथं जे थोडंफार काम झालं ते कागदावर झालं. पाणी उतरल्यावर मुलं भरायला बसली तर सॉफ्टवेअर म्हणे, आजचीच तारीख चालेल. आम्हीच तसं कडक केलं होतं, चोरी होऊ नये म्हणून. मग त्यांनी सगळं एका दिवसात घुसडलं आणि त्या महिन्याचा स्टॉक वर्षभर जुळला नाही. त्यानंतर माझं मत पक्कं झालं: मागची तारीख टाकू द्यावी, पण घडलं कधी आणि नोंदवलं कधी या दोन तारखा वेगळ्या ठेवाव्यात आणि दुसरी कुणालाही बदलता येऊ नये. वहीत काट मारलेला आकडा दिसत राहतो, तसंच हे. आता तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं आहे, आणि ती बंद करता येता कामा नये. एकच लॉगिन सगळी शिफ्ट वापरत असेल तर या नोंदीला अर्थ उरत नाही. भिंतीवर पासवर्ड चिकटवलेला दिसला तर त्यांना रागावू नकोस. शिफ्ट बदलताना १५ सेकंदांत माणूस बदलता येईल असा चार आकडी पिन दे.

आता सरांचा शुक्रवार. त्याला विरोध करू नकोस. गिऱ्हाइकाला दर आठवड्याला काहीतरी मिळतं म्हणून तो टिकतो, आणि तो टिकतो म्हणून तुमचे पगार होतात. 'डिझाइनला वेळ द्या' असं म्हटलंस तर त्यांना ते ऐकू येणार नाही. त्यापेक्षा सपोर्टला येणारे फोन दोन आठवडे शेजारी बसून ऐक आणि मोज. कुठल्या स्क्रीनवरून किती फोन, प्रत्येकात किती मिनिटं. तो आकडा सरांना कळेल. मग एवढंच माग, की नवीन स्क्रीनचं काम सुरू व्हायच्या आधी तू, एक डेव्हलपर आणि शब्द देऊन आलेला सेल्सवाला एक तास कागद-पेन्सिल घेऊन बसाल. फक्त एक तास. त्या तासात शब्द आणि नाती ठरू दे, रंगाचं नावही काढू नका. आणि सेल्सवाल्याबरोबर गाडीवर बसून एखाद्या भेटीला जा. त्यानं दिलेला शब्द बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या तोंडचा उपाय असतो. त्यामागची अडचण समोर बसून विचारली तर उपाय अनेकदा सोपा निघतो.

पुण्याचं विचारलंस. मोबाइल ॲपचं काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही, तुझा जीव तिकडे ओढत असेल तर जा. पण दाखवायला काही नाही म्हणून जाऊ नकोस. '२२ रकान्यांचे ५ केले, टिंबं बंद झाली, फोन निम्मे झाले' असं जे तुझ्या हातून होईल ते लिहून ठेव, गिऱ्हाइकाच्या परवानगीनं, त्यांचे खरे आकडे झाकून. कामाची पारख असलेला माणूस गुळगुळीत चित्रांपेक्षा हे जास्त वेळ वाचेल. ३ महिने घे. तेवढ्यात सरांनी तुला गिऱ्हाइकाच्या शॉपमध्ये नियमित जाऊ दिलं आणि तो एक तास दिला, तर राहा. इथं तुला जे शिकायला मिळेल ते दुसरीकडे सहज मिळणार नाही. नाही दिलं, तर मात्र खुशाल निघ. कारखाना न बघता कारखान्याचं डिझाइन करायला लावणाऱ्या जागेत वय घालवू नये.

शिरोलीला जाशील तेव्हा मंगळवार-बुधवारसारखा मधला दिवस धर आणि सकाळी लवकर पोच. सुती कपडे घाल, नायलॉनचं काही नको, ठिणगी पडली तर ते अंगाला चिकटतं. ओढणी नको. बूट बंद आणि जाड, चष्मा त्यांच्याकडे माग. ओतकाम चालू असताना कुणाला काही विचारायचं नाही, लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याच्या, वाटेत उभं राहायचं नाही. ओतून झालं, तो बाजूला येऊन पाणी प्यायला, की शेजारी जाऊन बस आणि म्हण, "दादा, तुमची वही बघू का जरा?"